अवधपुरीतला कॅनडा

नरखेडहून भोपाळची गाडी धरली तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी कपड्यांची, एक थैली ज्वारीच्या पिठाची आणि एक काम होतं. काम बायकोनं सोपवलेलं. "मनीष कॅनडाले चालला म्हणते. सून, नात, सगळं घेऊन. तुम्ही जा अन् थांबवा."

थांबवण्याची कामं आमच्या घरात माझ्याकडेच येतात. शाळा मी चौथीपर्यंत पाहिली, पण पिठाची गिरणी उभी हयात चालवली. एकदा तिचं चाक हातानं थांबवायला गेलो होतो, त्याची खूण अंगठ्यावर आहे. चाक थांबलं होतं, हे मात्र मी सगळ्यांना आवर्जून सांगतो.

इटारसी सुटली की नर्मदा लागते. डब्यातली मंडळी खिडकीतून नाणी टाकत होती. मी नुसते हात जोडले. माईला आमच्या नाण्याची काय गरज? पुढे सागाचं जंगल, बोगदे, आणि मग भोपाळ.

स्टेशनाबाहेर पाय ठेवला तोच एक ऑटोवाला आडवा आला. "को खां, कां जा रिये हो?" (काय हो, कुठे निघालात?) खां म्हणजे खानसाहेब नव्हे, इथं सगळ्यांनाच खां म्हणतात. अवधपुरी म्हटल्यावर त्यानं जो आकडा सांगितला त्याच्या अर्ध्यावर मी त्याला आणला. ह्या आनंदात मोठ्या कारखान्याची लांबलचक भिंत कधी मागे पडली ते कळलं नाही.

दारात सून उभी होती, रश्मी. इंदूरची पोर, पाया पडायला वाकली आणि वाकता वाकता तिला ऑटो दिसला.

"बाबा, तुम्ही ऑटोनं आलात?"

"मग काय घोड्यावर येऊ?"

तिनं आत जाऊन फळीवरचा स्टीलचा डबा उघडला आणि एक निळी नोट काढून माझ्या नातीच्या, पीहूच्या, हातात दिली. नोट खेळातली होती, मुलं व्यापार खेळतात त्यातली.

संध्याकाळी मनीष कामावरून आल्यावर खुलासा झाला. हे तिघं महिनाभर भोपाळातच कॅनडात राहत होते. तिकडे जो पगार मिळणार होता त्यातून भाडं, वीज, घर गरम ठेवायचा खर्च वजा करून उरेल तेवढ्या खोट्या नोटा डब्यात भरलेल्या. घ्याल ती वस्तू इकडच्या पैशानं घ्या, पण डब्यातून नोट जाणार तिकडच्या भावानं. भाव रश्मीला तोंडपाठ, तिची मावसबहीण तिकडे राहते. कामवाल्या बाईला महिनाभर सुट्टी, तीसुद्धा पगारी.

"म्हणजे तिचे खरे पैसे जातातच की!" मी म्हणालो.

"ते मोजायचे नाहीत, बाबा," मनीष म्हणाला. "महिना सरल्यावर डब्यात एक जरी नोट उरली तर जायचं. नाही उरली तर विषय बंद. दोघांनी ठरवलंय."

"अन् मी बँक आहे," पीहू म्हणाली. बँकेनं माझी पिठाची थैली दोन्ही हातांनी ओढत नेऊन बाल्कनीत ठेवली. "आजोबा, हे कस्टममध्ये अडकलं. तिकडे नरखेडचं पीठ कोण आणून देणार?"

माझी भाकरी गेली, पण काम फारच सोपं झालं. कुणाला समजवायला नको, रागवायला नको. महिन्याचा शेवटचा आठवडा उरला होता आणि डब्याचं बूड दिसत होतं. मी फक्त खर्च करायचा होता.

दुसऱ्या दिवशी पीहूला घेऊन पोहे-जिलबीच्या ठेल्यावर गेलो. "दोन प्लेट, जिलबी भरपूर," मी ऐटीत सांगितलं. सहज विचारलं, "बँक, तिकडे याचे किती?" तिनं सांगितलं. माझ्या हातातली जिलबी हातातच राहिली.

"इतके? लूट आहे काय?" मी ठेलेवाल्यावर ओरडलो.

"बड़े मियां, मैंने तो अभी कुछ बोला भी नईं!"

एक प्लेट परत केली. उरलेली पीहूनं खाल्ली, मी पाणी प्यालो. मग न्हाव्याकडे गेलो. तिथं गळ्याला कपडा बांधून झाल्यावर भाव विचारला आणि कपड्यासकट उठलो. शाहपुऱ्याच्या तलावावर हिंडायला गेलो ते बसनं जाऊन खूप पैसे उडवायचे म्हणून. तिथली फक्त हवा खाल्ली आणि बसचे वाचवायला पायी परत आलो. नोट खोटी असली म्हणून काय झालं, जाते तर घरातूनच ना? जीव कळवळतो.

मग देवानंच मनावर घेतलं. मनीष कामावर असताना स्वयंपाकघरातला नळ तुटला. पाणी ओट्यावरून दिवाणखान्यात. रश्मी कपाळाला हात लावून बसली. "बाबा, तिकडे प्लंबर नुसता दारात येण्याचे इतके घेतो. संपलं. डबा संपला."

मला काहीच करायचं नव्हतं. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसलो आणि चेहरा दुःखी ठेवला. तेवढ्यात आवाज ऐकून शेजारचे दुबेजी आले. मी उठतोय असं त्यांना का वाटलं कोण जाणे. "अरे अंकल, आप बैठो. ये आपके बस का नईं." (हे तुमच्यानं व्हायचं नाही.)

"माझ्यानं व्हायचं नाही?"

गिरणीचं अख्खं इंजिन उघडून जोडणारा मी! धोतर खोचलं, बाहेरचा कॉक आवळला, स्वतःच्या चपलेच्या टाचेतून रबराची चकती कापून नळात बसवली. नखशिखांत भिजलो, पण थेंब गळेना. दुबेजींना पुन्हा पुन्हा नळ उघडून दाखवला. ते गेल्यावर रश्मीनं टॉवेल आणून दिला. भांडी घासून तिची बोटं चिरली होती. "बाबा, तुम्ही वाचवलंत," ती म्हणाली, तेव्हा कुठे मी काय करून बसलो ते माझ्या ध्यानात आलं.

परत निघायचा दिवस आणि महिन्याचा शेवटचा दिवस एकच होता. डब्यात नेमकी एक निळी नोट होती. ऑटोला तेवढीच लागते हे सगळ्यांना ठाऊक. पीहू डबा पोटाशी धरून उभी. मनीष खिडकीबाहेर बघत होता.

"बाबा, ऑटो बोलावते," रश्मी म्हणाली आणि तिनं खरोखरच फोन हातात घेतला. आवाज साधाच होता. नजर मात्र डब्यावर होती.

"ठेव तो फोन," मी म्हणालो. "स्टेशन काय, इथं तर आहे."

ते इथं अजिबात नाही. मनीष पिशवी घेऊन बरोबर आला. थैली मी डोक्यावर घेतली होती. रश्मी ठेवून घेत होती, पण मीच म्हणालो, अडकलं म्हणजे अडकलं, नेम तो नेम. एका चपलेला भोक, त्यामुळे मी लंगडत होतो. कारखान्याच्या भिंतीशी मनीष म्हणाला, "बाबा, ऑटो केला असता तर..."

"मला चालायला आवडते," मी म्हणालो.

गाडीत विचार करत बसलो. परदेश पाहिला, पासपोर्टावाचून पाहिला. तिथं सगळं महाग आहे, पण माझी माणसं निभावतील एवढी चिवट आहेत. ती कुणावर गेली हे सांगायला नको.

घरी बायको ओसरीतच होती. "थांबवलं?"

"मी होतो म्हणून निभावलं. नाहीतर नळानंच बुडवलं असतं त्यांना."

"म्हणजे जातात."

मी चपला काढत बसलो. तिची नजर थैलीवर गेली. "अन् हे पीठ?"

"तिकडे पोचत नाही."

तिनं आत जाऊन परात घेतली, थैलीची गाठ सोडली आणि आम्हा दोघांपुरतं पीठ काढलं.