डब्यावरचा ओघळ

मला विचाराल तर लोगो हा प्रकार माणसाला छळायलाच निघालाय. त्यापेक्षा फ्लेक्स बरा. नंदुरबारात माझं छपाईचं दुकान आहे. वाढदिवसाचा भाऊ आला की त्याचा फोटो मोठा, बाकीच्यांचे बारीक, वर नेत्याचं डोकं, काम खलास. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेच्या दिवसांत तर घोडे मी डोळे मिटून लावतो. अब्बा ब्रशने पाट्या रंगवायचे, मी माउसने रंगवतो. घरात आमची हिंदी, गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि फ्लेक्सवर शुद्ध मराठी, असं आमचं सुखात चाललेलं.

एका दुपारी एक मॅडम आल्या. शाळेत गणित शिकवतात. म्हणाल्या, "भाऊ, पॉडकास्टसाठी लोगो करून द्या." मी म्हटलं, ही काय भानगड? तर म्हणे रेडिओसारखंच, फक्त मोबाइलवर, आणि पाहिजे तेव्हा लावायचं. तापीकाठच्या त्यांच्या गावातल्या बायकांच्या गप्पा त्या रेकॉर्ड करणार होत्या. विषय असा काही नाही, पापड लाटता लाटता जे निघेल ते, सगळं अहिराणीत. नाव त्यांनी आधीच ठरवलं होतं: 'शे'. म्हणजे 'आहे'.

"नुसतं शे? पुण्याचा माणूस विचारेल, दोनशे का पाचशे?"

मॅडम हसल्या नाहीत. "पुण्याच्या माणसासाठी नाहीच ते," म्हणाल्या.

कॉम्प्युटरमधले 'श' मला पटेनात, म्हणून अब्बांच्या वळणाचा 'शे' हाताने काढला. पिवळ्यावर काळा, ठसठशीत. माझं काम मला सहसा आवडत नाही, हे आवडलं. मॅडमनी ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे. पण माझ्या आईला वाचता येत नाही."

"अहो, मग हे आधी सांगायचं ना!" मी चिडलोच.

तेव्हा सगळं बाहेर आलं. त्यांची आई गावात पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि मुलाने तिला सुरतेला नेलं. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. मुलगा-सून कामावर, नातवंडं हिंदी-गुजराती बोलणारी. आधी म्हातारी फोनवर तासभर बोलायची. मग हळूहळू आटली. आता म्हणे "हा", "बरं", "ठेवस" यापलीकडे शब्द निघत नव्हता. मॅडमचा हा सगळा खटाटोप त्या एका बाईसाठी होता. बायकांचे आवाज कानावर पडले तर ती बोलायला लागेल, एवढीच आशा. पण म्हातारी मानी. सुनेला "लावी दे" म्हणणार नाही, मेली तरी नाही. मोबाइलवरचं चित्र ओळखून तिने स्वतः दाबलं तरच ते लागणार.

मी म्हटलं, चला, चित्र तर चित्र. रविवारी मुलगा घरी असायचा. मी त्याच्या फोनवर चित्र पाठवायचं, तो आईसमोर धरणार, आणि इकडे दुकानात मॅडम आईशी स्पीकरवर बोलणार, अशी व्यवस्था लागली. पहिला पाठवला माइक. जगातले सगळे पॉडकास्टवाले माइकच लावतात.

"कुल्फी शे का?" तिकडून आवाज आला.

मग डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचा चेहरा काढला. "कोन बाई शे हाई?" संशयाने विचारलं तिने. घोडा पाठवला, तर म्हणे जत्रा लागनी का. पुढे तिने उत्तरं द्यायचंही सोडलं. "हा, बरं शे," म्हणाली आणि फोन मुलाकडे दिला. मॅडम खुर्चीत बसून राहिल्या, नाक पुसत. दुकानात कोणी रडलं की मला सुचेनासं होतं, त्यात बाहेर स्वागतकमानीचं गिऱ्हाईक ताटकळलेलं. मी जरा त्राग्यानेच विचारलं, "मॅडम, तुमची आई स्वतःची वस्तू तरी कशी ओळखायची हो?"

"खुणेनं," त्या म्हणाल्या. "गिरणीत सगळ्यांचे डबे सारखेच, तेलाचे. नाव लिहून उपयोग काय? दाराचा निळा रंग उरला होता, त्यात तीन बोटं बुडवून तिने डब्यावर ओढली होती."

डबा अजून होता, मॅडमच्या घरी ज्वारी ठेवायला. दुसऱ्या दिवशी त्या घेऊन आल्या. तीन निळ्या रेघा, वाकड्यातिकड्या, आणि मधल्या रेघेचा रंग ओघळून पार डब्याच्या बुडापर्यंत गेलेला. मी फोटो काढला आणि कामाला लागलो. रेघा सरळ केल्या, अंतर सारखं केलं, ओघळ पुसला, कडा गोल केल्या. काय सुरेख दिसत होतं! बँकेला शोभलं असतं.

रविवारी पाठवलं. म्हातारीने बघितलं. म्हणाली, "डबा शे. पन मन्हा नही. तीन रेघा तं अर्धा गावन्या शेतस."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी डब्याकडे. ओघळ! या अल्ला, मी ज्याला घाण समजून पुसला तेवढाच तिचा होता. बाकीचं सगळ्या गावाचं. मॅडमना "थांबा, फोन ठेवू नका" म्हटलं, मूळ फोटो उघडला आणि त्यातल्या रेघा होत्या तशा, वाकड्या, ओघळासकट, पांढऱ्यावर टाकून पाठवल्या. हात लावायचा मोह होत होता, लावला नाही.

तिकडून एकदम आवाज चढला.

"हाऊ तं मन्हा डबा शे! तठे कसा गया? कोनी लई गये? ज्वारी कोठे टाकी वं तू? झाकन शे का हराई गये?"

आणि सुरू झालं. झाकणावरून गिरणीवाल्यावर, गिरणीवाल्यावरून शेजारणीवर, जिने कधीतरी दळण बदलून नेलं होतं. मॅडम रडत होत्या, हसत होत्या आणि शिव्या खात होत्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कमानीसाठी पुन्हा आलेलं गिऱ्हाईक मात्र निघून गेलं.

लोगो तोच राहिला. माझा 'शे' खाली कोपऱ्यात बारीक बसवला, अब्बांची आठवण म्हणून. मुलाने आईच्या मोबाइलवर ते चित्र आणून ठेवलं, दाबलं की गावातल्या बायकांच्या गप्पा सुरू.

महिन्याभराने मॅडम शाळेच्या बॅनरसाठी आल्या, तेव्हा त्यांनी भावाने पाठवलेला आवाज ऐकवला. त्याने तक्रार म्हणून पाठवला होता. आई दिवसभर फोनसंगे बोली ऱ्हायनी, म्हणे, शेजारचे विचारतात. त्या रेकॉर्डिंगमध्ये आधी आईच्या मोबाइलमधून गावातली एक बाई दुसरीला म्हणताना ऐकू येते, "बठ नं माय, च्या लेशी का?"

आणि मग जवळून, मोठ्याने, म्हातारीचा आवाज: "ठेव वं, अर्धा कप. मी बठेलच शे."