लवूच्या भट्टीचा धूर

खाडीच्या तोंडाशी लवूची चुन्याची भट्टी. शिंपल्या भाजायच्या, पाणी मारून विरवायच्या, चाळून पोती भरायची. पानवाल्यांना आणि माडांच्या बुंध्यांना लागेल तो चुना लवू आणि त्याची बायको यशोदा काढत. भट्टी पेटली की वाडीतल्या बायका वाळत घातलेले कपडे उचलत आणि लवूच्या नावाने बोटं मोडत. आपल्या धुराचं कुणाला कौतुक असेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

शिमग्याला त्याची मुलगी संचिता पुण्याहून आली, ती हवा भरायचा हातपंप आणि जाड पिशव्या घेऊनच. ती तिथे रसायनशास्त्रात संशोधन करत होती.

"बाबा, तुझो धूर न्हेतंय."

"धूर? धूर न्हेवन काय करतलंस गो?"

भट्टीशेजारच्या दगडावर बसून तिने सगळं सांगितलं. शिंपली तापली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, कोळशाचा निघतो तो वेगळाच. हाच वायू हवेत साठून पृथ्वी तापवतो. तिच्या प्रयोगशाळेत एक पोलादी नळी होती, तांबं आणि जस्ताचं ऑक्साइड यांच्या गोळ्यांनी भरलेली. हा वायू हायड्रोजनबरोबर दाबाखाली, तापवून नळीतून सोडला की मिथेनॉल तयार होतं, म्हणजे जळणारं इंधन.

"आणि तांबा संपत नाय?"

"नाय. ता नुसता दोन वायू जुळवून देता, लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारख्या."

"मध्यस्थ दमता कधीतरी," लवू म्हणाला, आणि दोघंही हसली.

आजवर तिने बाटल्यांतला शुद्ध वायू वापरला होता. खऱ्या भट्टीचा धूर पहिल्यांदाच नळीत जाणार होता.

महिन्याभराने तिचा फोन आला. प्रयोग फसला होता. लाकूड मिळेनासं झाल्यापासून लवू दगडी कोळसा घालायचा. त्यातलं गंधक धुरातून गेलं आणि गोळ्या निकामी झाल्या. संचिताने हे हसत सांगितलं, पण लवू भरल्या ताटावरून उठला.

"धुराक नावां ठेवली म्हणान रुसलंस?" यशोदाने विचारलं.

"माझ्या धुरान चेडवाचा काम बिघडला गो."

दुसऱ्या दिवसापासून तो घरोघर फिरून करवंट्या मागू लागला. ढीगभर जमल्यावर त्याने अख्खी भट्टी करवंट्यांवर लावली आणि लेकीला बोलावून घेतलं. "ये. स्वच्छ धूर काढलंय तुका."

संचिता आली. करवंट्यांचा ढीग तिने पाहिला. मग तिने बापाचा काळवंडलेला हात धरला. "बाबा, जगातली खंयची भट्टी करवंट्यांवर चालता? माका तुझो रोजचोच धूर होयो. गंधकाचो बंदोबस्त मी करतलंय."

लवूला बरं वाटलं. इतकं बरं, की त्याने लगोलग कोळशाची पाटी उचलली.

पुण्याला परतून तिने मोठ्या नळीआधी एक छोटी नळी जोडली, नुसत्या जस्ताच्या ऑक्साइडची. गंधक तिथेच अडकू लागलं आणि पुढच्या गोळ्या टिकल्या.

पावसाआधी लवू एसटीने फोंडाघाट चढून पुण्याला गेला. प्रयोगशाळेत त्याला मोठा चष्मा घालायला लावला. काचेच्या भांड्यात थेंब पडत होते.

"ह्या तर पाणी!"

थेंबांत पाणीही होतं; ते आधीच वेगळं काढलेलं थोडं मिथेनॉल तिने बशीत ओतलं, काडी लावली. ज्योत दिसेचना. लवूने वर हात धरला आणि चटकन मागे घेतला.

"दिसणा नाय आणि चटको देता!" तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मग डोळे पुसायला त्याने चष्मा काढला.

"चष्मो काढू नको हयसर!" लेक ओरडली, आणि तिनेच तो परत त्याच्या डोळ्यांवर चढवला.

भट्टीचा सगळा धूर कधी असा वळवता येईल, हे त्याने विचारलं. स्वस्त हायड्रोजन मिळाल्याशिवाय नाही, वर्षं लागतील, असं तिने खरं तेच सांगितलं.

गावी परतला तर शेजारचा भिकाजी ओट्यावर वाट पाहत बसलेला. "लवू, तुझा चेडू धुराची दारू काढता म्हणे! हाडलंस मां थोडी?"

"पिलंस तर डोळे जातले तुझे. वीख आसा ता."

"मगे उपयोग काय तेचो?"

लवूने पिशवी खाली ठेवली आणि ऐटीत मांडी घातली. "बस. सांगतंय. पहिल्यान तांब्यापासून सुरवात करूक होयी."