अठ्ठेचाळीस नंबरचा ड्रम

कृष्णकांतला माणसं आवडत नसत, आणि माणसांनाही तो आवडत नसे. चिंचणीच्या वाडीत वाढलेला, कुणी न शिकवता सी भाषा शिकलेला हा माणूस तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात, कॉम्प्युटरच्या खोलीत, बावीस वर्षं बसून होता. ड्रमांच्या लेबलांसाठी त्याने डेटाबेसमध्ये स्वतःच्या हाताने एक फंक्शन लिहिलं होतं. ड्रमाचा नंबर आत जाई, मालाचं नाव बाहेर येई. "नऊ वर्षांत एकदा चुकलंय का?" असं तो येताजाता ऐकवी.

दिवाळीनंतर नवा सर्व्हर आला आणि पंधरवड्यात गिऱ्हाइकाने सात ड्रम परत पाठवले. आत एक माल, वर दुसऱ्याचंच नाव. लेबलं चिकटवायची ती कुंभवलीची राहीबाई.

"हिनेच अदलाबदल केली," कृष्णकांतने पॅकिंगच्या शेडमध्ये सगळ्या बायांसमोर मॅनेजर धीरजला सांगितलं. "हिचे हात कमी चालतात, तोंड जास्त."

"मशीनमधनं निगतं तेच आमी चिकटवतो," राहीबाई उसळली. "आदी तुमचं मशीन बघा."

"तुला त्यातलं काय कळतं?"

धीरजने तिला सोमवारपासून कामावरून बंद करायचं ठरवलं. "पुरावा तेवढा काढून ठेवा, काका." त्याच्या 'काका'त आदर औषधालाही नसे.

कृष्णकांत खुशीने नोंदी घेऊन बसला. ४८ नंबरच्या ड्रमाला ४८१७चं लेबल. त्याच्या आधीचा ड्रम होता ३९१७. त्याने पुढचा पाहिला, मग त्याच्या पुढचा. सातही ठिकाणी आखूड नंबराला आधीच्या लांब नंबराचं शेपूट लागलं होतं.

त्याने आपलंच फंक्शन उघडलं. डेटाबेस अक्षरं हाती देतो आणि ती किती ते वेगळं सांगतो. शेवटी, अक्षरं इथं संपली असं सांगणारी शून्याची खूण ठेवीलच असं नाही. कृष्णकांतने लांबी कधी विचारलीच नव्हती. शून्य भेटेपर्यंत त्याचं फंक्शन वाचत सुटे, बांध नसलेल्या पाटासारखं, शेजारच्या वाफ्यात. जुन्या सर्व्हरवर ते शून्य नशिबाने भेटत गेलं, एवढंच.

त्याने चार ओळी बदलल्या. सांगितली तेवढीच अक्षरं उचलायची, पुढे शून्य आपणच ठेवायचं. ते फंक्शन वाचू शकणारं कारखान्यात दुसरं कुणी नव्हतं. गप्प बसला असता तर सोमवारी बाई गेली असती आणि विषय मिटला असता. तसं त्याच्या मनातही आलं. पण आपली चूक एका लेबलवालीच्या अंगावर टाकून जगणं त्याच्या ताठ्याला झेपेना. त्याने जाऊन धीरजला सगळं सांगितलं.

"नऊ वर्षं, नाही का काका?" धीरज हसला. "लिहून द्या. सही ठळक करा."

राहीबाईची नोकरी राहिली. कृष्णकांत शेडमध्ये गेला आणि तिच्याजवळ उभा राहून पुटपुटला, "चूक माझ्या फंक्शनची होती."

तिने मान वर केली नाही. "मला काय सांगता? मला ठावं हाय. माजं नाव सगळ्यांम्होरं घेतलं व्हतं, तसं सगळ्यांम्होरं सांगा."

बाया हातातली लेबलं धरून बघत राहिल्या. इतका राग त्याला आयुष्यात कुणाचाच आला नव्हता. तो बोलला.

"मोठ्यानं बोला," राहीबाई म्हणाली. "पंखा चालू हाय."