हाताजोगं पिस्तूल

लाडलेसाब टांगेवाल्यानं दवाखान्याच्या पायरीवर बसकण मारली आणि साऱ्या आवाराला ऐकू जाईल असं सांगून टाकलं, "घोडी माझ्या छपरात सडून मेली तरी चालंल, पण ह्या माणसाच्या हातात न्हाय देणार!"

हा माणूस म्हणजे मायाप्पा. तो तिथंच खाली बसून एका बैलाच्या खुराला औषध लावत होता. त्यानं मान वर केली नाही. करून बोलायचं काय, कपाळ? लाडलेसाब खोटं थोडंच बोलत होता.

सोलापूरच्या ढोरांच्या सरकारी दवाखान्यात मायाप्पा शिपाई होता. मूळचा सांगोल्याकडचा, मेंढरांमागं वाढलेला. मोठ्या लढाईत खेचरांच्या पलटणीबरोबर समुद्रापार बसऱ्याला जाऊन आला आणि आल्या आल्या इथं चिकटला. बैल आडवा पाडून धरणं, जखमा धुणं, म्हशीच्या नरड्यात नळीनं औषध ओतणं, ही कामं त्याला मनापासून आवडायची. जनावरंही त्याच्या हाताखाली गप राहायची. इथवर सगळं बरं चाललं होतं.

मग टांग्यांच्या घोड्यांत एक वाईट रोग शिरला. नाकातून घाण वाहते, पायाला गाठी येऊन फुटतात, आणि माणसाला लागला तर माणूसही जातो. औषध नाही. सरकारचा हुकूम एकच, असलं जनावर गोळी घालून पुरून टाका. हुकूम काढणाऱ्याचं काय जातंय हो? गोळी घालायची कुणी? पहिल्यांदा पोलिसातला एक जण बंदूक घेऊन आला. जवळ जायला भ्याला आणि लांबूनच बार काढत बसला. ते जनावर किती वेळ पाय झाडत होतं, ते मायाप्पानं उभं राहून बघितलं. पुढच्या खेपेला डॉक्टर आगाशे स्वतः पुढं झाले. डॉक्टर भला माणूस, तरुण, पुण्याकडचा, पण ऐन वेळी त्यांनी डोळे मिटले आणि गोळी भिंतीत गेली. मग कुणीतरी म्हणालं, मायाप्पा पलटणीतला आहे की! झालं, पडलं ते गळ्यात. पलटणीत ह्यानं खेचरांना चंदी चारली होती, हे कुणी विचारलंच नाही.

दवाखान्याचं पिस्तूल लष्करी होतं. हे एवढं धूड, सहा गोळ्यांचं, गोऱ्या सोजिराच्या पंजासाठी केलेलं. आणि मायाप्पाचा पंजा लहान, त्यातून उजवा हात अधू. बसऱ्याला एका बिथरलेल्या खेचराचा दोर त्या हाताला आवळला होता. तेव्हापासून अंगठ्याशेजारचं बोट अर्धवटच वाकायचं आणि थंडीत अंगठाही धरायचा. ते धूड हातात घेतलं की बोट पोचावं म्हणून त्याला मूठ फिरवून धरावी लागायची. मूठ फिरली की नळी फिरायची. तरी त्यानं पाच-सहा जनावरं कशीबशी निभावली.

लाडलेसाबचा तांबडा घोडा मात्र निभावला नाही. पहिली गोळी जबड्याला चाटून गेली. तांबडा बसला, परत उठला आणि मायाप्पाकडं बघत उभा राहिला. दुसरी मानेत लागली. तिसऱ्या गोळीला पडला. लाडलेसाब कानावर हात दाबून मातीत बसला होता आणि लहान पोरासारखा ओरडत होता. त्या दिवसापासून मायाप्पाचं जेवणात लक्ष नव्हतं. भाकरीचा तुकडा मोडायचा आणि हातातच राहायचा. आता लाडलेसाबच्या नव्या घोडीलाही तोच रोग झाला होता आणि त्यानं तिला छपरात कोंडून ठेवलं होतं. शेजारी चार टांगेवाले, त्यांची पोरंबाळं. किती दिवस कोंडणार?

लाडलेसाब तणतणत निघून गेला, तसा मायाप्पा हात धुऊन डॉक्टरांपुढं उभा राहिला.

"साहेब, घोडा लई जड जातोय."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कळतं रे मला. मुकं जनावर मारायचं म्हणजे मनाला जड जायचंच. मला तर झेपलंसुद्धा नाही."

"मनाचं न्हाय वो साहेब. मनाचं कोन इचारतंय? पिस्तुलाचा घोडा म्हनतोय मी. बोटाला ओढत न्हाय."

डॉक्टर ओशाळले. त्यांनी मायाप्पाचा हात टेबलावर पालथा घेतला, उताणा केला, ते बोट वाकवून बघितलं. बैलाचा पाय तपासावा तसं. मग म्हणाले, "इतके दिवस बोलला का नाहीस? हे बघ, उद्या आपण वीरभद्रप्पांच्या दुकानात जाऊ. तुझ्या हाताला बसेल असं पिस्तूल मिळालं तर ते घेऊ, वरून परवानगी आणायचं माझ्याकडं लागलं. नाही मिळालं तर मी लिहून देतो की हात निकामी आहे. तू आपला बैलांकडं राहा. गोळीचं काम पुन्हा पोलिसांकडं जाईल."

मायाप्पाला वाटलं, पाठीवरचं पोतं कुणीतरी खाली घेतलं. पण त्या पोलिसाचं नाव निघालं आणि त्याला पाय झाडणारं ते जनावर आठवलं.

घरी बनाबाईला त्यानं हे सांगितलं, तर ती चुलीपुढून उठूनच आली. नवऱ्याच्या ह्या कामानं तीही विटली होती. घोडा मारून आला की तो दारातच अंघोळ करायचा. मग आत यायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. शेजारणी तिच्याकडं विस्तव मागायलासुद्धा येईनाशा झाल्या होत्या.

"अवो, मग सोपं हाय की," ती म्हणाली. "कुटलंबी पिस्तूल दावलं तर म्हनायचं, हातात बसत न्हाय. खोटं कुटं हाय त्यात? बोट मोडल्यालंच हाय तुमचं."

"आनि बसलं तर?"

"बसलं तरीबी बसत न्हाय म्हनायचं! तुमच्या हातातलं कुनाला कळतंय?" एवढं बोलून ती रडायलाच लागली. "लई झालं वो आता. माझ्यासाठी म्हना."

मायाप्पा म्हणाला, "बरं." ते त्यानं खरंच मनापासून म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या मागून पेठेत जाताना तो तेवढंच घोकत होता, बसत न्हाय, बसत न्हाय.

वीरभद्रप्पाचं दुकान चिंचोळं होतं. पुढं काडतुसांच्या पेट्या, मागं ठोकाठोकीचं सामान. म्हातारा अक्कलकोटच्या बाजूचा, कपाळाला भस्माचे पट्टे, जिभेवर निम्मी कानडी. शिकारी जहागीरदारापासून पेढीवरच्या सावकारापर्यंत सगळ्यांच्या मुठी त्यानं धरून बघितल्या होत्या. तो आधी हत्यार दाखवतच नसे.

"बर्री, बसा. हात आना इकडं," म्हणत त्यानं मायाप्पाचा पंजा एका दोरीनं मापला, अंगठ्याच्या बेचक्यापासून बोटाच्या पेरापर्यंत. बोट दाबलं, "दुकतंय?" अंगठा मागं ओढला, "हितं?" मायाप्पा हो हो म्हणत गेला. इथवर खोटं बोलायची गरजच पडली नाही.

डॉक्टरांची नजर कपाटातल्या एका चपट्या, चिमुकल्या पिस्तुलावर होती. "लहान हाताला हे लहान बरं नाही का?"

"समद्यांना तसंच वाटतंय साहेब," म्हातारा हसला आणि ते मायाप्पाच्या हातात दिलं. "ह्येचा वरचा भाग मागं ओढा बघू."

मायाप्पानं ओढला. अंगठ्यातून कळ कोपरापर्यंत गेली आणि तो भाग तसूभरही हलला नाही. शिवाय मुठीत दोनच बोटं मावत होती, करंगळी वाऱ्यावर.

"हलकं हत्यार उडतंय लई," वीरभद्रप्पा म्हणाला. "समदा धक्का मनगटावर. आनि तुमचं दवाखान्याचं ते धूड धक्का सोसतंय खरं, पन मूठ जाड, चापापर्यंत बोट जात न्हाय. वजनानं हातबी कापतोय. मदलं पायजे."

"बसत न्हाय," मायाप्पा लगेच म्हणाला.

"अजून दिलंय कुटं मी?" म्हाताऱ्यानं डोळे वटारले. आत जाऊन त्यानं एक जुनं पिस्तूल आणलं. मधल्या आकाराचं, सहा गोळ्यांचंच. लाकडी मूठ कुणीतरी कानशीनं घासून बारीक केलेली. "एका बाईमानसासाठी केलतं. वतनदारीन होती, सांधे सुजल्याली. बरीच वर्सं वापरलं तिनं. धरा. एका हातानं न्हवं, दोनी हातांनी."

"पलटनीत एका हातानं धरत्यात."

"पलटनीत बोटंबी धड असत्यात. नोडरी, बघा, हे वरचं तो घोडा, खालचा तो चाप. चाप ओढून घोडा उठवाय गेला तर बोटाचा जीव जातोय. तुमी डाव्या अंगठ्यानं घोडा आधी चढवून ठेवा. मग चापाला ताकद लागत न्हाय. नुसतं टेकायचं."

मायाप्पानं पिस्तूल धरलं. मोडकं बोट आपणहून चापावर जाऊन बसलं. मूठ फिरवावी लागली नाही. तळव्यात ते असं बसलं की त्याच्या अंगावर शहारा आला. इतक्या वर्षांत त्या हातात काही असं नीट बसलं नव्हतं, खुरपं नाही की काठी नाही. त्याला आनंद झाला आणि त्या आनंदाचीच त्याला भीती वाटली.

वीरभद्रप्पानं रिकामं आहे ह्याची दोनदा खात्री करून नळीवर एक ढब्बू पैसा ठेवला. "घोडा चढवा, भितीवर नेम धरा आनि चाप दाबा. पैसा पडला न्हाय म्हंजे हत्यार तुमचं."

मायाप्पाला बनाबाईचं रडणं आठवलं. त्यानं घोडा चढवला, भिंतीवरच्या खुंटीवर नेम धरला आणि चाप दाबताना मुद्दाम मनगटाला हिसका दिला. पैसा खणकन फरशीवर पडला आणि घरंगळत पेट्यांखाली गेला.

"न्हाय बसत," तो म्हणाला.

वीरभद्रप्पानं नुसती मान हलवली. डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "जाऊ दे. तू तरी काय करणार? मी आजच लिहून टाकतो. लाडलेसाबच्या घोडीला उद्या पोलीस आणावा लागेल."

सुटला की माणूस! ह्याच सुटकेसाठी तो किती दिवस झुरत होता. चपला घालायच्या आणि बाहेर पडायचं, एवढंच उरलं होतं. मायाप्पा दारापर्यंत गेलाही. पण त्याच्या डोळ्यांपुढं छपरातली ती घोडी उभी राहिली, लांब उभा राहून बार काढणारा तो पोलीस उभा राहिला, आणि लाडलेसाब पुन्हा कानावर हात दाबून मातीत बसलेला दिसला. "च्यायला," तो पुटपुटला. मागं वळला, गुडघे टेकून पेटीखालून तो पैसा काढला आणि वीरभद्रप्पाच्या हातात दिला.

"ठेवा परत. मगाशी मीच हिसका दिलता."

म्हाताऱ्यानं पिस्तूल पुन्हा त्याच्या हातात दिलं. त्यानं पैसा ठेवला. मायाप्पानं चाप दाबला, खट्ट आवाज झाला आणि पैसा होता तिथंच राहिला. त्यानं पुन्हा करायला लावलं, पुन्हा राहिला. डॉक्टर "शाब्बास!" म्हणून टाळी वाजवायच्या बेतात होते, पण मायाप्पाचं तोंड बघून थांबले.

सरावाला दोन-चार दिवस आणि परवानगीला आठवडा गेला. मग डॉक्टर स्वतः लाडलेसाबकडं गेले. काय बोलले कुणास ठाऊक, पण दुसऱ्या दिवशी सकाळी लाडलेसाब घोडीला धरून होटगीच्या वाटेवरच्या माळावर आला. खड्डा आधीच खणलेला होता. घोडी पांढुरकी, अंगानं उतरलेली, पाय सुजलेले. लाडलेसाबनं मायाप्पाकडं बघितलं नाही.

"तुमी लांब जावा," मायाप्पा म्हणाला.

"न्हाय. मी लगाम धरून उभा राहनार. तांबड्याच्या वक्ताला मी बसलो होतो."

मायाप्पानं घोडीच्या कपाळावरून डावा हात फिरवला, काहीतरी बोलला तिच्याशी, मेंढराशी बोलावं तसं. डाव्या अंगठ्यानं घोडा चढवला. दोन्ही हात स्थिर होते. एकच बार झाला. घोडी गुडघ्यावर आली आणि कुशीवर पडली, आणि पुन्हा हलली नाही.

लाडलेसाब बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला. हलंल म्हणून वाट बघत असावा. मग लगाम तिथंच टाकून तो मायाप्पाजवळ आला, त्याचा तो अधू उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांना लावला.

"तिला कळलंसुद्धा न्हाय, मायाप्पाभाई," तो म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "अल्ला हा हात असाच सलामत ठेवो. आमच्या लोकांस्नी मी सांगतो, जनावर लपवू नका म्हनून. इस्माईलचा घोडा हाय, हसनचे दोन हायत, समदे भिऊन कोंडून बसलेत. आता आनतील. पन एक कबूल करा, तुमीच यायचं. दुसऱ्या कुनाच्या हातात देनार न्हाय."

मायाप्पाला हात काढून घ्यावासा वाटला, पण लाडलेसाब सोडत नव्हता. पलीकडं डॉक्टर खूश होऊन म्हणत होते की बार्शीहूनही विचारणा आली आहे, तिथंही असा माणूस नाही. मायाप्पानं लाडलेसाबला मान हलवून हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?

घरी आला तर दारात ऊन पाण्याची बादली भरलेली होती. बनाबाई उंबऱ्यात उभी. दुकानातलं त्यानं तिला सांगितलं नव्हतं, हातात बसलं एवढंच सांगितलं होतं, आणि त्यावर ती दोन दिवस बोलली नव्हती. आता तिनं त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"तडफडली का वो?"

"न्हाय. एका गोळीत."

तिनं मोठा श्वास सोडला. तिलाही बरं वाटलं असावं, पण एका गोळीत मारणाऱ्याला आता कुणी सोडणार नाही, हे तेवढ्यात तिला कळलं आणि ती उंबऱ्यातच खाली बसली. तिनं विचारलं, "मग आता हे काम कवापातूर?"

मायाप्पानं दोन्ही हात बादलीत बुडवले.

"हात चालतोय तवर," तो म्हणाला.