हात शाबूत आहेत

किल्लीवाल्याला आपण नीट ओळखत होतो, असं वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमनला छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. एकोणीस वर्षं जिना एकच, पण बोलणं 'बरं आहे ना' आणि 'चाललंय' यापलीकडे क्वचितच गेलं. त्याची बायको कधी गेली, मूलबाळ होतं की नव्हतं, हे पोस्टमनने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. सकाळ झाली की खालून कानस घासल्याचा आवाज यायचा. एके वर्षी तो थांबला, एवढं मात्र कळलं.

किल्लीवाल्याची नजर गेली होती. आधी किल्लीचे दात दिसेनात, मग माणसांची तोंडं. परवान्यासाठी डोळे तपासतात. त्यात तो नापास झाला आणि परवाना रद्द झाला. नोकरदाराला अशा वेळी निदान शिव्या घालायला मालक तरी असतो. याचा मालक हाच. पण स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी जी विमा योजना होती, तिचे हप्ते त्याने तरुणपणापासून न चुकता भरले होते. धंदा करण्याची ताकद गेली की भत्ता मिळतो, असं कायद्यात होतं. अर्ज पोस्टमननेच भरून दिला. घरात दुसरी होती ती किल्लीवाल्याची थोरली बहीण, अक्का, आणि तिला वाचता येत नव्हतं.

पाहणीला ऑफिसातून एक बाई आल्या. शांत, समजूतदार.

"परवा यानं कॅलेंडरला पाहुणा समजून 'बसा' म्हटलं," अक्का म्हणाली.

"कॅलेंडर नव्हतं. खुंटीवरचा कोट होता," किल्लीवाला म्हणाला.

बाई हसल्या, कागद मिटले, "होईल काका तुमचं काम," म्हणाल्या आणि गेल्या. पाच मिनिटांत परत दारात. स्कूटरची किल्ली कुलपातच तुटली होती.

किल्लीवाला उठलाच. 'तुम्ही बसा' हे शब्द पोस्टमनच्या अगदी जिभेवर आले. पण बाईंसमोर तसं म्हणणं म्हणजे खोटं वागायला शिकवणं, असं त्याला वाटलं. शिवाय चारचौघांत बोलताना त्याची जीभ नेहमीच जड व्हायची. अक्का आत कप विसळत होती.

किल्लीवाला कठडा धरून खाली गेला. डॉक्टर नाडी बघतो तसं त्याने कुलपावर बोट ठेवलं, दोन बारीक तारा आत घातल्या आणि तुटका तुकडा अलगद बाहेर काढला.

"न बघता काढलंत, काका."

"कुलूप बघायचं नसतं, बाई. ऐकायचं असतं. ही किल्ली कुणी केली होती? मानेशी जास्तच खोल कापून ठेवलीय, तुटणारच."

धंदा बंद झाल्यापासूनच्या चार वर्षांत त्याचा चेहरा इतका उजळ पोस्टमनने पाहिला नव्हता.

अठराव्या दिवशी पत्र आलं. पोस्टमनने जन्मभर पत्रं वाटली, पण दुसऱ्याचं पत्र कधी वाचलं नव्हतं. हे मोठ्याने वाचावं लागलं. 'अर्जदाराचे हात शाबूत असून स्वतःच्या व्यवसायातील नाजूक काम तो करू शकतो. सबब भत्ता नामंजूर.'

"मग परवाना द्या म्हणावं," अक्का म्हणाली.

परवान्याच्या खिडकीवर म्हणाले, डोळे नाहीत. निराधारांच्या खिडकीवर म्हणाले, काम करू शकतो असा सरकारी शेरा आहे, मग निराधार कसले? दोन्ही खिडक्या एकाच व्हरांड्यात होत्या.

"एकीला तुझे डोळे दिसतात, एकीला हात," घरी आल्यावर अक्का म्हणाली. "अख्खा तू कुणाला दिसतोस रे? गाढवा, बाईला पाणी द्यायचं सोडून हुशारी कशाला दाखवलीस?"

"अडलं होतं तिचं."

अपिलाची मुदत होती. पोस्टमन कोरा कागद घेऊन बसला.

"काय लिहिणार?" किल्लीवाल्याने विचारलं. "तो तुकडा मी काढला नाही, असं?"

कागद कोराच राहिला. भाडं झेपेना, तेव्हा दोघं अक्काच्या मुलाकडे जायला निघाली. तिथे स्वयंपाकघरात एक खाट टाकता येणार होती. आदल्या संध्याकाळी किल्लीवाला जिन्यात भेटला. त्या दिवशी मी तुम्हाला थांबवायला हवं होतं, हे सांगायचं पोस्टमनने मनाशी पक्कं केलं होतं.

"जिन्यातला बल्ब गेलाय," पोस्टमन म्हणाला. "जपून उतरा."

"मला काय फरक पडतोय?" किल्लीवाला म्हणाला. "तुम्ही जपा."

"हो," पोस्टमन म्हणाला.