हळदीकुंकवाचा क्रूस

त्या वर्षी धुळ्यातल्या आमच्या घरात सगळेच दमलेले होते. आबांच्या हाताखाली सुतारकाम शिकणारा माझा धाकटा भाऊ काविळीनं गेला आणि आबांनी, म्हणजे वडिलांनी, सुतारकामाची पेटी बंद केली ती केलीच. बैलगाड्या नाहीत, चौकटी नाहीत. नातेवाईक समजावून थकले. मग शिरपूरकडच्या एका खेड्यातले पाद्री लाकडी क्रूस करून मागायला आले आणि आबा चक्क हो म्हणाले. का, ते मी विचारलं नाही. हातात काम आलं, एवढंच पुष्कळ होतं.

आमच्याकडे चौकट जोडण्याआधी लाकडाला हळदकुंकू लावून नारळ फोडतात. आबांनी क्रूसाच्या दोन्ही वाशांना तेच केलं. दिवसभर शाळेत इतिहास शिकवून माझं डोकं उठलं होतं, तरी शहाणपणा शिकवायची खोड जाते थोडीच!

"आबा, ही तर फाशी आहे," मी म्हणाले आणि सांगत सुटले. रोमन लोक गुलामांना, बंडखोरांना यावर खिळवून मारत, तेही भर रस्त्यावर, बाकीच्यांना जरब बसावी म्हणून. आडवा वासा बऱ्याचदा त्या माणसालाच वाहायला लावत. येशूलाही असंच मारलं. पुढं बादशहाच ख्रिस्ती झाला, ती शिक्षा बंद पडली आणि जिची लाज वाटायची ती वस्तू देवघरात गेली.

आबांनी पंच्यानं कुंकू पुसलं. "फाशीना लाकडले हळदकुंकू लायं मी! आते मन्हा हात लागाव नही."

पेटी पुन्हा बंद झाली. चार दिवस वासे ओसरीत वेगवेगळे पडून होते. येताजाता मला ते दिसत आणि स्वतःच्या जिभेचा संताप येई.

पाचव्या दिवशी मी शाळेला निघाले, तर आबांनी विचारलं, "त्या येशूना बाप काय काम करे?"

"सुतारकाम. तोही तेच शिकला."

"पोऱ्याले मारं तवय बाप व्हता का तठे?"

"ठाऊक नाही, आबा. आई होती."



संध्याकाळी मी घरी आले, तर क्रूस जोडून भिंतीला उभा केलेला. त्याला ताजं हळदकुंकू होतं. खाली भावाची पटाशी ठेवलेली, तो गेल्यापासून कुणी हात न लावलेली. तिच्या धारेला लाकडाची ढलपी होती आणि मुठीला कुंकू. मी चपलाही न काढता तिथंच बसले आणि त्या वर्षात पहिल्यांदा पोटभर रडले.