विहिरीतली जड हवा

आमचा पानमळा अंजनगाव सुर्जीच्या पुढे, आमच्या गावाला लागूनच होता. मळ्यात शिरताना चपला बाहेर काढायच्या, हा नियम पाहुण्यांनाही होता. आत शेवरीच्या झाडांवर चढलेल्या वेलींची इतकी दाट सावली असायची, की चैत्रातही अंगावर गार काटा यायचा. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन थेट तिकडेच जायची. आई पानं खुडायची, बाबा पाणी द्यायचे. विहीर तुडुंब असायची. पाठीला भोपळा बांधून बाबांनी मला पोहायला शिकवलं ते तिथंच.

मग शिवारात बोअर सुरू झाले. रोज कुठं ना कुठं मशीन घरघरायचं आणि पांढरा धुराळा उडायचा. बाबा उभे राहून ऐकायचे. "आपलंच पानी ओढून राहिले," एवढंच म्हणायचे. विहिरीचं पाणी खाली गेलं, काठावरून ओढेना, तसं आमचं डिझेल इंजिनही खाली गेलं. आधी काठावर होतं, मग मधल्या कपारीत उतरलं, शेवटी तळाजवळच्या ओट्यावर. धुरामुळे कपारीतली कबुतरं उडून गेली, ती परत आली नाहीत. आई विहिरीत वाकून पाहायची आणि मागं सरकायची.

वैशाखात एका दुपारी इंजिन बंद पडलं. सुर्जीच्या बाजारातले इंजिनांचे मिस्त्री बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. मी त्यांना चाचा म्हणायची. ते आले, चहा प्यायले, हत्यारांची थैली खांद्याला अडकवून खाली उतरले. थोड्या वेळानं इंजिन सुरू झालं. धूर वर आला. मग आवाज थांबला.

"झालं का गा?" बाबांनी विचारलं.

उत्तर आलं नाही. आम्ही वाकून पाहिलं. चाचा इंजिनाला टेकून बसले होते, मान छातीवर पडलेली.

बाबांनी लोखंडी पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात आईनं मागून त्यांचा सदरा धरला.

"तुमी उतरू नोका. तिथली हवा धुरानं जड हाय. तुमी गेले तं दोघंबी जाल."

"सोड मले. तो माह्यासाठी उतरला."

"नाई सोडत."

सदरा फाटला, पण तिनं तो सोडला नाही. मला ओरडून म्हणाली, "पोरी, मानसं आन." मी अनवाणी पळत शेजारच्या मळ्यात गेले. माणसं आली. कोंडलेली हवा हलावी म्हणून त्यांनी शेवरीच्या फांद्यांची जुडी दोराला बांधून विहिरीत वरखाली हलवली. वरून बादल्यांनी पाणी ओतलं. पेटता कंदील सोडला, तो अर्ध्यातच विझला. पुन्हा फांद्या, पुन्हा पाणी. दुसऱ्यांदा कंदील तळापर्यंत जळत गेला, तेव्हा आईनं सदरा सोडला. बाबा कमरेला दोर बांधून उतरले आणि त्यांनी चाचांना बांधून वर पाठवलं.

चाचा वाचले. दवाखान्यातून घरी आले, पण त्यांचे हात थरथरायला लागले होते. नट हातात घेऊन ते बसून राहायचे, तो कुठला हे आठवायचं नाही. बाबा भेटायला गेले की चाचा दर खेपेला विचारायचे, "भाऊ, पानी किती रायलं?" बाबा दर खेपेला म्हणायचे, "हाय, भरपूर हाय."

खरं तर बाबांनी इंजिन वर काढून ठेवलं होतं. वेली शेंड्याकडून वाळत गेल्या. शेवऱ्या तोडल्यावर मळ्यात लख्ख ऊन पडलं, आणि आई पहिल्यांदा तिथं डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. त्या साली आम्ही तिथं कपाशी लावली.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या शिवारात तसंच घडलं. तिथल्या दोघा भावांपैकी धाकटा इंजिन बघायला उतरला, त्याच्या मागं थोरला. वर धरायला कोणी नव्हतं. दोघांच्या तिरड्या एकत्रच निघाल्या.

तिसऱ्या दिवशी बाबा सकाळीच बाहेर पडले. ज्याचं ज्याचं इंजिन विहिरीत होतं, त्याच्याकडे जाऊन ते वर काढायला सांगू लागले. मी सोबत होते. काहींनी ऐकलं. एक म्हातारा विहिरीकडे पाहत म्हणाला, "पानी खाली गेलं, बापू. इंजिन वर ठेवून मी काय करू?"

बाबा त्याच्याजवळ बसले, मग उठून पुढच्या मळ्याकडे चालू लागले.